बीटा आवृत्ती, मोबाइल परिचालन प्रणालीची

मोबाइल दूरध्वनीच्या यंत्रसामग्रीचे नियंत्रण करणाऱ्या आणि इतर सर्व आज्ञावलींना आधारभूत असणाऱ्या आज्ञावलीस परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणतात. अशा प्रणालीची नवी आवृत्ती सर्वांसाठी प्रसृत करण्यापूर्वी, तिची मुख्य अंगे पूर्ण झाली असली तरी दोष पुरते निवारलेले नसतात, अशा अवस्थेत ती निर्मात्या संस्थेबाहेरील लोकांना वापरून पाहण्यासाठी देतात. तिला बीटा आवृत्ती अशी संज्ञा आहे. संस्थेतच तपासल्या जाणाऱ्या तिच्या पूर्वावस्थेस आल्फा आवृत्ती म्हणतात. या संज्ञांचा उगम सामान्यतः आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीच्या, यंत्रांच्या ‘ए’ व ‘बी’ या क्रमवार चाचण्यांशी जोडला जातो.

स्मार्टफोनचा प्रसार होण्यापूर्वी मोबाइल संचातील आज्ञावली ही ग्राहकाच्या दृष्टीने यंत्राचाच एक भाग होती. संच विकला गेल्यावर ती बदलण्याचा प्रसंग क्वचितच येई व त्यासाठी बहुधा सेवाकेंद्रात जावे लागे. साहजिकच चाचणीचे काम उत्पादक, दूरध्वनी सेवा पुरविणाऱ्या कंपन्या व निवडक परीक्षक यांच्यापुरते मर्यादित राहिले.

ही परिस्थिती २००७–०८ मध्ये पालटली. ॲपल कंपनीचा आयफोन २९ जून २००७ रोजी विक्रीस आला, तेव्हा त्यावर बाहेरच्या विकसकांची ॲप बसविण्याची सोय नव्हती. ६ मार्च २००८ रोजी कंपनीने विकसकांसाठी साधनसंच जाहीर केला व प्रणालीच्या २.० या आवृत्तीचे बीटा रूप निवडक विकसकांना व उद्योगसंस्थांना उपलब्ध केले. अंतिम आवृत्ती त्याच वर्षी ११ जुलै रोजी प्रसृत झाली. गूगलच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीसंघाने ५ नोव्हेंबर २००७ रोजी अँड्रॉइड प्रणालीची घोषणा केली व १२ नोव्हेंबरला तिचा प्राथमिक साधनसंच खुला झाला. त्या वेळी अँड्रॉइडवर चालणारा एकही दूरध्वनी बाजारात नव्हता. त्यामुळे विकसकांना संगणकाच्या पडद्यावरील आभासी संचावरच प्रयोग करावे लागले. पहिला प्रत्यक्ष संच ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. या टप्प्यात बीटा आवृत्तीचा हेतू केवळ दोष शोधण्याचा नव्हता. नवी प्रणाली येईल त्या दिवशी तिच्याशी जुळणारी ॲप तयार असावीत, हाही तितकाच महत्त्वाचा हेतू होता.

सामान्य वापरकर्त्यांचा सहभाग २०१४ नंतर वाढला. गूगलने जून २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पुढील मोठ्या आवृत्तीचे पूर्वरूप प्रथमच अंतिम प्रकाशनाच्या काही महिने आधी नेक्सस ५ व नेक्सस ७ या प्रत्यक्ष संचांसाठी दिले. ॲपलने मार्च २०१५ मध्ये आयओएस ८.३ पासून सार्वजनिक बीटा योजना सुरू केली. तोवर अशी आवृत्ती मिळविण्यास वार्षिक ९९ डॉलर शुल्काचे विकसक-सदस्यत्व लागे. मार्च २०१६ मध्ये अँड्रॉइडची बीटा योजना सुरू होऊन केवळ नावनोंदणीने ही आवृत्ती थेट संचावर येऊ लागली. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ मध्ये प्रणालीचा मुख्य भाग व यंत्रविशिष्ट भाग वेगळे करण्यात आले. परिणामी मे २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ची बीटा आवृत्ती सोनी, शाओमी, नोकिया, वनप्लस इ. सात उत्पादकांच्या संचांवरही चालविता आली. २०२३ पासून ॲपलने विकसकांसाठीची बीटा आवृत्तीदेखील निःशुल्क केली.

प्रयोगशाळेत तपासता येणाऱ्या परिस्थितींना मर्यादा असतात. संचांचे विविध प्रकार, कमीअधिक शक्तीचे संदेशजाल, अर्धवट भरलेली स्मृती आणि भिन्न भाषा व लिप्या यांचे असंख्य संयोग प्रत्यक्ष वापरातच घडून येतात. परीक्षक आढळलेला दोष ठराविक नमुन्यात कळवितो आणि आज्ञावली बंद पडल्याच्या नोंदी संच निर्मात्याकडे पाठवितो. या माहितीच्या आधारे क्रमाक्रमाने सुधारित बीटा आवृत्त्या निघतात.

या व्यवहारात परीक्षकाच्या वाट्याला जोखीम येते. विद्युत्‌घट लवकर संपणे, संच तापणे, बँकांची ॲप न चालणे हे नेहमीचे अनुभव होत. याहून गंभीर बाब म्हणजे मागे फिरण्याची अडचण. बीटावरून जुन्या स्थिर आवृत्तीकडे परतताना संचातील माहिती सामान्यतः पुसावी लागते. आयफोनवर बीटा आवृत्तीत घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीत पुन्हा भरता येईलच असे नाही. म्हणून आधी स्वतंत्र प्रत घेऊन ठेवणे व दैनंदिन गरजेच्या एकमेव संचावर प्रयोग न करणे इष्ट समजतात. परीक्षकास बहुधा मोबदला मिळत नाही. नवी सोय आधी वापरण्याची संधी हाच त्याचा लाभ असतो.

भारतीय भाषांच्या दृष्टीने या चाचणीस विशेष महत्त्व आहे. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये नव्याने समाविष्ट झालेल्या पंधरा भाषांमध्ये मराठी होती. मात्र भाषा यादीत येणे आणि तिची लिपी पूर्णपणे तपासली जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयओएस ११.२.५ या अंतिम म्हणून प्रसृत झालेल्या आवृत्तीत, तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ या जोडाक्षराचा एक विशिष्ट वर्णक्रम पडद्यावर येताच संदेशांचे ॲप बंद पडत असल्याचे उघडकीस आले. ११.३ च्या बीटा आवृत्तीत हा दोष आढळत नव्हता; पण सर्वसामान्यांना १९ फेब्रुवारी रोजी ११.२.६ ही आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागले. कोट्यवधी लोकांच्या नित्य लेखनातील एक अक्षर चाचणीतून निसटू शकते, हे या घटनेने दाखविले. बीटा चाचणीची व्याप्ती परीक्षकांच्या संख्येइतकीच त्यांच्या भाषा, संच व वापराच्या रीती यांच्या विविधतेवर अवलंबून असते. जे लोक चाचणीत नसतात, त्यांच्या वाट्याचे दोष अंतिम आवृत्तीत शिल्लक राहण्याचा संभव अधिक असतो.