घरात आणलेला समुद्र

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. पण घरातल्या एखाद्या हौसेलाही इतिहास असतो. त्यातही मालक-नोकर असतात, श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे असा हिशेब असतो. खाऱ्या पाण्याच्या फिश टँकची हकिकत अशीच आहे.

१८४६ साली अ‍ॅना थिन ही इंग्रज बाई टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. तिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या पदावरचा पाद्री होता. टॉर्कीच्या खडकांत तिला जिवंत प्रवाळ सापडले आणि ते घरी न्यायचे तिने ठरवले. सागरी जीव घरात पाळण्याचा अनुभव तिला नव्हता. विचारायला कुणी जाणकारही नव्हता, कारण ही विद्याच अजून जन्मायची होती. प्रवासात प्रवाळ एकमेकांवर आदळू नयेत आणि त्यांच्या भोवती पाणी खेळते राहावे म्हणून तिने सुई-दोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजवर टाके घालून बसवले.

लंडनला समुद्र नाही. किनाऱ्यावरून मागवलेले पाणी पुरेना, तेव्हा तेच पाणी पुन्हा ताजे करायची युक्ती काढली गेली. घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. हे काम अर्धा-पाऊण तास चाले. पाण्याची धार पडताना हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. आजच्या टाकीतला पंप हेच काम करतो. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ सोडले. उजेडात शेवाळही प्राणवायू देते. प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, इतकेच नव्हे तर त्यांची संख्याही वाढली.

ही हकिकत छापून आली १८५९ साली. तोवर मान दुसऱ्यांकडे गेला होता. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी कसे टिकते ते मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्यांतून घरीच समुद्राचे पाणी बनवायची कृतीही गॉस यांनी दिली. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्या आल्या.

नवशिक्यांच्या हाती मात्र बहुधा दुर्गंधी आली. मासे मरत, पाणी कुजे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी वेगळे करून दाखवले. म्हणूनच आज नव्या माणसाला सांगतात की आधी काही आठवडे टाकीत जिवाणू रुजू द्या, मग मासा आणा.

या हौसेची किंमत किनाऱ्यांनी मोजली. गॉस यांची पुस्तके वाचून लोक हातोड्या-छिन्न्या घेऊन खडकांवर उतरले. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात इंग्लंडचे ते समृद्ध किनारे कसे ओरबाडले गेले आणि त्याची खंत वडिलांना कशी होती, हे लिहून ठेवले आहे.

ओरबाडणे थांबलेले नाही, फक्त किनारे बदलले. शोभेचे सागरी मासे आजही बहुतेक समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्समध्ये त्यासाठी १९६० च्या दशकापासून सायनाइड वापरले गेले. त्याने मासा गुंगतो आणि आजूबाजूचे प्रवाळ मरतात. हे मासे पकडणारा कोळी गरीब असतो, टाकी असते भलत्याच देशातल्या दिवाणखान्यात.

आपल्याकडे थिनबाईंनी नेले तसले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. क्लाऊनफिशची पैदास मात्र टाकीत होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. हौस करायचीच असेल तर दुकानदाराला किमतीच्या आधी हे विचारावे की मासा टाकीत जन्मला की समुद्रातून आणला.

थिनबाईंचे नाव आता इतिहासात परत आले आहे. रोज पाणी ओतणारी ती बाई मात्र या हकिकतीत अजूनही फक्त ‘मोलकरीण’ आहे.