वकील, खलिता आणि भेट

'वकील' हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे न्यायालयातील काळा डगला उभा राहतो. परंतु शिवकाळात आणि पेशवाईत त्या शब्दाने जो पुरुष ओळखला जाई, तो परक्या दरबारात राहून आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा, तेथील हवा पाहून मसलत सुचविणारा आणि कानी आलेली बातमी कासिदाच्या हाती रातोरात रवाना करणारा मुत्सद्दी होता. वैर मांडलेल्या परराज्याशी राष्ट्राच्या धुरीणांनी स्वतः बोलणे लावावे की नाही, हा प्रश्न दर पिढीत नव्याने निघतो. शत्रूस भेटल्याने त्याचीच प्रतिष्ठा वाढते असे एक पक्ष म्हणतो, तर भेटीवाचून वैर निवळत नाही असे दुसरा पक्ष सांगतो. मराठी राज्याच्या सुमारे दीडशे वर्षांच्या कारकीर्दीत या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांतून नव्हे, प्रत्यक्ष व्यवहारातून दिली गेली. आणि ती उत्तरे पडताळून पाहिली असता या दोन्ही पक्षांहून अधिक खोल असा एक धडा हाती लागतो.

शत्रूच्या भेटीचा विषय निघताच मराठी मनाला प्रथम प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत जे घडले, ते सर्वश्रुत आहे. तथापि त्या भेटीआधी कित्येक दिवस दोन वकील जी ये-जा करीत होते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर आले, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले. भेटीची जागा कोणती, शामियाना कोठे उभारावयाचा, बरोबर किती माणसे असावयाची, हे सारे त्या दोघांच्या तोंडून ठरले. खान वाईची मोकळी भूमी सोडून जावळीच्या दाट रानात उतरला, हे पंताजीपंतांच्या वाणीचे यश होय; आणि खानाच्या मनातील हेतूचा जो अंदाज महाराजांना आधीच आला होता, त्याचे श्रेयही याच येरझाऱ्यांकडे जाते. ज्या भेटीकडे आपण केवळ शौर्याचा प्रसंग म्हणून पाहतो, ती वस्तुतः वकिलातीने बांधलेल्या पायावर उभी होती.

पुढे सहा वर्षांनी, पुरंदरास दिलेरखानाचा वेढा पडला असता आणि मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले असता, महाराज मोजक्या माणसांनिशी मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत स्वतः गेले. त्यापूर्वी रघुनाथपंत कोरडे यांनी बोलण्याचा मार्ग मोकळा केला होताच. जून १६६५ च्या त्या तहात तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला, बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख उरला. देणे जबर होते. परंतु बीज शिल्लक राहिले, आणि समोर बसलेल्या पुरुषाच्या हाती तह ठरविण्याची मुखत्यारी असल्यामुळे बोललेला शब्द कागदावर उतरला.

याच्या अगदी उलट प्रत्यय दुसऱ्या वर्षी आग्र्यास आला. १२ मे १६६६ रोजी, औरंगजेब बादशहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात, महाराजांना मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. अभयाचे वचन जयसिंगाने आणि त्याचा पुत्र रामसिंग याने दिले होते, परंतु ते वचन बादशहास बांधणारे नव्हते. प्रतापगडी आणि पुरंदरी जी भेट झाली ती दोन सत्तांची भेट होती. आग्र्यास भेट झालीच नाही, झाली ती हजेरी, आणि तिच्या पाठोपाठ कैद. त्या कैदेतून सुटून आल्यावर महाराजांनी मोगलांशी बोलणे तोडले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी बोलण्याची रीत बदलली. शहाजादा मुअज्जमच्या मध्यस्थीने पत्रव्यवहार चालला, १६६८ मध्ये औरंगजेबाने 'राजा' हा किताब मान्य केला, आणि मिळालेल्या उसंतीत राज्याची घडी नीट बसविण्यात आली. मात्र त्यानंतर ते मोगल दरबारी पुन्हा कधीही गेले नाहीत.

हाच विवेक पुढे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या ठायी दिसतो. पालखेडास निजामाला कोंडून मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह करून घेतल्यावर, डिसेंबर १७३२ मध्ये लातूरच्या बाजूस मांजरेच्या काठी रोहे-रामेश्वर येथे ते निजामास समक्ष भेटले. निजामासारख्या कसलेल्या मुत्सद्द्याच्या गोटात पेशव्यांनी जाणे जोखमीचे होते. परंतु मराठी फौजा उत्तरेत गुंतल्या असता दक्षिणेतून पाठीवर घाव येऊ नये, एवढा एक हेतू स्पष्ट धरून ते गेले. या भेटीने निजाम मित्र झाला नाही; पाच वर्षांनी भोपाळास तो पुन्हा समोर उभा राहिला आणि पुन्हा कोंडला गेला. परंतु मधली ती वर्षे मिळाली, आणि माळवा त्याच वर्षांत मराठ्यांच्या कह्यात येत गेला. शत्रूच्या भेटीकडून याहून अधिक मागू नये, आणि एवढे मिळत असेल तर ते सोडूही नये.

अशा भेटी विरळा. वकिलात मात्र अखंड. दिल्लीस नाशिककडील हिंगणे घराण्याने पिढ्यानपिढ्या हे काम केले, आणि त्यांच्या दप्तरातील जी पत्रे भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली आहेत, ती वाचताना लढाई चालू असो वा सलूख असो, परदरबारातील आपला माणूस उठवावयाचा नाही, हा दंडक किती मुरलेला होता हे कळून येते. हैदराबादेस पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचे वकील गोविंदराव काळे होते. चौथाईच्या थकबाकीचा वाद विकोपास गेला तेव्हा निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क याने भर दरबारात, हिशेबाचा खुलासा करण्यास खुद्द नानांनी हैदराबादेस यावे, असे काळ्यांना सुनावले. आणि ते कसे येऊ शकतील असे विचारता, त्यांना कसे आणतात ते दाखवून देऊ, अशी धमकी दिली. येथे 'समक्ष या' या शब्दांत बोलण्याची इच्छा लेशमात्र नव्हती; ते आग्र्याच्या हजेरीचेच दुसरे रूप होते. नाना गेले नाहीत. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा मोड झाला, आणि तहाच्या कलमाप्रमाणे तोच मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन होऊन पुण्यास आला.

इंग्रजांचे प्रकरण याहून निराळे आणि अधिक खेदाचे आहे. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी डेव्हिड अँडरसनशी बोलून ठरविला, आणि नानांनी त्यावर मान्यतेचा शिक्का विचार करून, सावकाशीने, पुढल्या वर्षी उठविला. बोलणारा एक आणि मान्यता देणारा दुसरा, अशी ती दुहेरी राखण होती. १७८६ मध्ये मॅलेट हा इंग्रज रेसिडेंट पुण्यास येऊन राहिला, तोही अद्याप परदरबारचा वकीलच होता. परंतु दुसऱ्या बाजीरावांनी होळकरांच्या धाकाने पुणे सोडून ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोजशी जो तह केला, त्यात घरचा सल्लागार विचारला गेला नाही, पाठीशी फौज नव्हती आणि जागाही इंग्रजांच्या आश्रयाची होती. तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला सव्वीस लक्षांचा मुलूख, या कलमांची चर्चा नेहमी होते. परंतु इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस आधी कळविल्यावाचून आणि तिचा विचार घेतल्यावाचून अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणे लावू नये, हे त्यातील कलम मला त्याहून घातक वाटते.

त्यानंतर वकिलातीचे पावित्र्यही ओसरत गेले. गायकवाडांच्या हिशेबाचा निकाल करण्यास बडोद्याहून आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी खून झाला, आणि ते इंग्रजांच्या हमीवर आले असल्यामुळे त्यांच्या रक्ताचा जाब पुण्याच्या दरबारास द्यावा लागला. जून १८१७ मध्ये पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांच्या गळी जो तह उतरविला, त्यात पेशव्यांनी परदरबारी आपले वकील ठेवू नयेत आणि परकीयांशी जे बोलावयाचे ते रेसिडेंटाच्या मार्फत बोलावे, असे नमूद झाले. खडकीची लढाई त्यानंतर नोव्हेंबरात झाली आणि शनिवारवाड्यावर परके निशाण चढले.

शत्रूशी बोलल्याने राज्य बुडत नाही. आग्र्याहून परतल्यावरही महाराज बोलत राहिले आणि राज्य वाढले. पाया न बांधता, मुखत्यारी न पाहता, बरोबरीची जागा न राखता गेलेला धनी मात्र अडकतो; म्हणून आधी वकील, मग खलिता आणि अखेरीस भेट, हा क्रम आपल्या पूर्वजांनी पाळला. तरीही चुकलेल्या भेटीतून माणूस सुटून येऊ शकतो, हे आग्र्याने दाखविले आहे. स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा हक्क एकदा लिहून दिला की त्यातून सुटून येण्यास वाट राहत नाही. शनिवारवाड्यावरचे निशाण उतरले ते नोव्हेंबरात. पुण्याचा शब्द परदरबारी नेणारा शेवटचा कासीद मात्र जूनमध्येच थांबला होता.