सातवा कुठे गेला?

१, २, ३, ४, ५, ६, ८. ही संख्यामालिका फळ्यावर लिहून आपण गप्प उभे राहिलो, तरी वर्गातून कोणीतरी ‘सात राहिला’ असे सांगतेच. मालिकेतली रिकामी जागा नजरेला खुपते. २००९ साली अमेरिकेत एका विज्ञानकथेवरील दूरदर्शन मालिकेचा शेवट जवळ आला, तेव्हा तिचे चाहते नेमके या सातच्याच मागे लागले होते.

मालिका होती ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’. १९७८ सालच्या त्याच नावाच्या मालिकेचा हा नवा अवतार डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाला. माणसांनी बनवलेली सायलॉन नावाची यंत्रे माणसांवर उलटतात, त्यांच्या वसाहती उद्ध्वस्त करतात आणि वाचलेले सुमारे पन्नास हजार लोक अंतराळयानांच्या ताफ्यातून पळ काढतात, असे कथानक. यातले नवे सायलॉन हुबेहूब माणसांसारखे दिसतात. त्यांचे नमुने एकूण बारा, प्रत्येकाच्या प्रती मात्र अनेक, एवढे प्रेक्षकांना आरंभीच कळले. मग ताफ्यातील कोण खरा माणूस आणि कोण सायलॉन, यावर तर्क सुरू झाले.

सात नमुने हळूहळू उघड झाले. उरलेले पाच वेगळ्याच जातीचे आहेत, असे तिसऱ्या पर्वात सांगण्यात आले. त्यांतले चार २५ मार्च २००७ च्या भागात कळले. पाचव्यासाठी प्रेक्षकांना १६ जानेवारी २००९ पर्यंत थांबावे लागले. मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संपही होऊन गेला. एवढ्या अवधीत चाहत्यांनी जवळजवळ प्रत्येक पात्रावर संशय घेतला असल्यास नवल नाही.

आता गणित पाहा. बारातून पाच वजा केले की सात उरतात. पण या सातांपैकी एकीचा क्रमांक आठ होता! पाच जणांची कल्पना सुचण्यापूर्वीच क्रमांक वाटले गेले होते, आणि नंतर हिशेब जुळेना. लेखकांनी फेब्रुवारी २००९ मधील एका भागात ही भेग बुजवली. सातवा नमुना डॅनियल नावाचा, कलावंत वृत्तीचा होता. पहिल्या क्रमांकाच्या कॅव्हिलने मत्सरापोटी त्याचा नाश केला, असा खुलासा एका पात्राच्या तोंडी घातला. लेखकांच्या दृष्टीने विषय संपला. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला.

कारण दोनच आठवड्यांनी कारा थ्रेस या वैमानिक नायिकेचे वडील पियानोवादक होते आणि ती लहान असतानाच घर सोडून गेले, या गोष्टीभोवती एक संपूर्ण भाग रचलेला होता. ही कारा आधी एकदा मरण पावली होती आणि कोऱ्या करकरीत यानातून परत आली होती. ते कसे, हे कोणालाच माहीत नव्हते. नाहीसा झालेला कलावंत सायलॉन, नाहीसा झालेला कलावंत बाप आणि मरून परतलेली मुलगी. चाहत्यांनी तिन्ही एकत्र जोडले: डॅनियल हाच काराचा बाप. आमच्या मते हा तर्क उत्तम होता. एकाच गृहीतकात तीन कोडी सुटत होती. विज्ञानाच्या वर्गात त्याला आपण शाबासकीच दिली असती.

आणि अशाच रिकाम्या जागांवर भरवसा ठेवून विज्ञानाने मोठे यश मिळवलेले आहे. १९१३-१४ मध्ये हेन्री मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ मूलद्रव्यागणिक ठरावीक पायरीने वाढत जाते असे त्याला आढळले. जेथे एकदम दोन पायऱ्यांची उडी दिसली, तेथे एक मूलद्रव्य सापडायचे राहिले आहे, असा त्याचा अर्थ. ४३, ६१ आणि ७५ या क्रमांकांच्या जागा अशा रिकाम्या निघाल्या. मोसली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. क्रमांक ७५ चे ऱ्हेनियम १९२५ मध्ये मिळाले. ४३ मात्र हुलकावणी देत राहिले. ते सापडल्याच्या घोषणा झाल्या आणि त्या टिकल्या नाहीत. अखेर १९३७ मध्ये पेरिए आणि सेग्रे यांना ते इटलीत पालेर्मो येथे मिळाले, तेही बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. हे टेक्नेशियम. त्याचे एकही समस्थानिक स्थिर नाही, म्हणून पृथ्वीवर ते नैसर्गिक स्वरूपात जवळजवळ उरलेलेच नाही. रिकाम्या जागेला कारण होते आणि तेही निसर्गातच मिळाले.

मोसलीची पायरी मोसलीने ठरवलेली नव्हती. सायलॉनांचे क्रमांक मात्र माणसांनीच दिलेले, आणि देताना हिशेब केलेला नव्हता. मालिकेच्या शीर्षकात सायलॉनांकडे एक योजना असल्याचे भाग सुरू होताना सांगितले जाई. प्रत्यक्षात तशी योजना आखलेली नव्हती, हे मालिकेचे सूत्रधार रोनाल्ड मूर यांनी पुढे मान्य केले. शेवटचे पाच कोण, हेही तिसऱ्या पर्वाच्या अखेरीचे लेखन चालू असतानाच ठरले. म्हणजे २००५ साली जो प्रेक्षक त्यांची नावे शोधत होता, तो अजून अस्तित्वातच नसलेले उत्तर शोधत होता.

बाहेरून हे कळावे कसे? एक खूण होती. २००७ मध्ये उघड झालेल्या चौघांत टाय हा वृद्ध अधिकारी होता. तो चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या युद्धात सायलॉनांशी लढलेला, आणि त्या काळी माणसासारखे सायलॉन नव्हतेच, असे प्रेक्षकांना तोवर सांगितलेले. याच कारणावरून टायला निर्दोष ठरवणाऱ्याचा तर्क अचूक होता. चुकीचे निघाले ते उत्तर. आधी दिलेल्या तपशिलांनी बांधून घ्यायला लेखक तयार नाहीत, हे तेव्हाच दिसले होते. मोसलीच्या बाबतीत उलट घडले होते: एकेक नवे मूलद्रव्य मोजावे, तर ते त्याच रेषेवर येऊन बसे.

डॅनियलचा काराशी काहीही संबंध नाही, तो केवळ क्रमांकाचा खुलासा करण्यापुरता आणला होता, हे मूर यांना अखेरचा भाग दाखवण्यापूर्वीच स्पष्ट करावे लागले. २० मार्च २००९ रोजी तो भाग दाखवला गेला. त्यात कारा एका मोकळ्या माळावर मित्राशी बोलत उभी असते. तो क्षणभर दुसरीकडे पाहतो आणि वळतो, तोवर ती तेथे नसते. ती कोण होती, हे मालिकेने सांगितले नाही.