पाटी आणि लिपी

रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले; पुढे महानुभावांनीच आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले. दुकानाच्या पाटीचा धर्म नेमका उलटा. ती परक्याने वाचावी म्हणूनच असते. मग शासनाने तिच्या अक्षरांत लक्ष का घालावे?

पाटी दुकानदाराची खरी, पण ती वाचली जाते रस्त्यावर, आणि रस्ता सर्वांचा. मार्च 2022 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नकोत, हेही त्यात आले. ही अट मला अधिक मार्मिक वाटते. कोपऱ्यात चिमुकली मराठी लिहून कायदा पाळल्याचे सोंग करणाऱ्यांना ती बरोबर ओळखते. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

मात्र सक्ती म्हणजे बंदी नव्हे. आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण पाहा. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूही आहे. 1956 पासून उर्दू वापरात असल्याचे परिषदेचे म्हणणे होते. ती काढावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2025 रोजी फेटाळली. मराठी असताना जोडीला उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा निर्वाळा दिला. दुकानांच्या नियमातही दुसऱ्या लिपीला ‘मोठी नको’ एवढेच सांगितले आहे, ‘नकोच’ असे नाही.