विलायतेची तयारी

भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला लागले, की पुष्कळ घरांतून पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. एके काळी हे बेत माहूर, पंढरपूर, फार तर काशी-प्रयाग एवढ्यात आटोपत. आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी लंडनला असते, आणि आईवडील वहीत यादी करू लागतात : तिकिटे, व्हिसा, लोकरीचे कपडे, थालीपिठाची भाजणी, मग राजवाडा, टॉवर, म्युझियम, थेम्सवरचा पूल. यादी चांगलीच आहे. परंतु या यादीमागे अडीचशे वर्षांच्या आसपासचा इतिहास उभा आहे, आणि तो ठाऊक असल्यावाचून विलायतेची तयारी पुरी झाली असे निदान इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तरी म्हणता येणार नाही.

आपल्याकडून लंडनला जे पहिले लोक गेले ते हिंडाफिरायला मुळीच गेले नव्हते. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या राघोबादादांनी १७८१ साली आपले वकील विलायतेला धाडले. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्या बरोबर पारशी बापलेक. पारशी मंडळींचे कसेही निभावले असते. खरी पंचाईत हणमंतरावांची. परक्याच्या चुलीवरचे अन्न चालायचे नाही आणि स्वतःची चूल मांडायला लंडनमध्ये जागा नाही! तेव्हा एडमंड बर्क हा पार्लमेंटातला थोर वक्ता पुढे झाला. त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि झाडे ठेवण्याचे काचेचे घर स्वयंपाकाला मोकळे करून दिले. पुढे याच बर्कने वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरून कंपनीच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. राघोबादादांच्या पदरात मात्र काही पडले नाही. ज्यांना आपण मदत मागायला गेलो ते आपल्या घरात शिरायलाच टपलेले होते, हे आपल्याला कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

त्यानंतरची कहाणी रंगो बापूजी गुप्ते यांची. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले. महाराजांची फिर्याद घेऊन रंगोबा लंडनला गेले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, भाषा येत नव्हती, ओळखीचे कुणी नव्हते. काही महिन्यांत काम आटोपेल या हिशेबाने माणूस निघावा आणि तेरा-चौदा वर्षे परक्या गावात काढावी लागावीत, असे त्यांचे झाले. ते तिथे इंग्रजी शिकले, अर्जांमागून अर्ज लिहिले, कंपनीच्या सभांतून बोलले. पैसा संपला, कर्ज झाले. १८४७ साली प्रतापसिंह महाराज काशीला वारले; दुसऱ्या वर्षी साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्या धन्यासाठी भांडायचे तो राहिला नाही आणि ज्या राज्यासाठी भांडायचे तेही राहिले नाही, तरी हा माणूस १८५३ पर्यंत लंडन सोडीना. अखेर रिकाम्या हाताने परतला. सत्तावन्नच्या उठावात मुलगा सीताराम फासावर गेला आणि स्वतः रंगोबा असे नाहीसे झाले, की इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि महिनोन् महिन्यांची वाट आठवड्यांवर आली. परंतु समुद्र जवळ झाला तरी शास्त्र जवळ येईना. समुद्रपर्यटन हे कलियुगात वर्ज्य मानलेले. परतलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाही तर पंक्तीतून उठावे लागे. समुद्राची गोष्ट कशाला, १८९० साली पुण्यातच पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला, तर त्याचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि खुद्द न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याला ही किंमत, तर अख्ख्या विलायतेला काय पडत असेल?

अशा काळात कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. वय अवघे वीस वर्षांचे. त्यांनी प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत ठेवली. व्हिक्टोरिया राणीला ते भेटले, पार्लमेंट पाहिले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. अर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तिथे पुढे त्यांची छत्री उभी राहिली. ती आजही आहे. रोजनिशी छापून निघाली १८७२ साली, लिहिणारा गेल्यावर. त्याच गादीवरचे शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले होते. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा. त्या दिवशी महाराज विलायतेतच होते. माणूस परदेशी असला तरी मन कुठे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

बायकांच्या वाटेत दोन समुद्र होते, एक पाण्याचा आणि एक घरचा. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला कडेवर घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे मराठी पुस्तक निघाले. बालपणी झालेल्या लग्नाचा संसार करायला नकार दिला म्हणून कोर्टाची पायरी चढाव्या लागलेल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर होऊन आल्या. आज आपली लेक परदेशी निघाली की विमानतळावर सारे घर निरोपाला जाते. या दोघींना निरोप मिळाला तो निंदेचा.

हे सारे पुण्या-सातारा-कोल्हापूरचे झाले. मग आमच्या यवतमाळकडून विलायतेला कोण गेले? याचे उत्तर ऐकून वाचकांना कदाचित हसू येईल : कापूस!

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ पर्यंत आगगाडीचा मोठा रस्ता नागपुराला पोचला. यवतमाळचा कापूस बंड्यांत भरून धामणगाव स्टेशनापर्यंत जाई. पुढे किलिक-निक्सन कंपनीने यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी घातली. तीच आपली ‘शकुंतला’. जिन-प्रेसमध्ये बांधलेल्या गाठी तिच्यातून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जात. गंमत अशी, की या शकुंतलेला सत्तर वर्षे ओढणारे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते राबले. आता ती गाडी बंद आहे.

कापसाच्या गाठीला ना पासपोर्ट लागला, ना प्रायश्चित्त. गाठ समुद्र ओलांडून गेली, तिचे कापड होऊन परत आले आणि देव्हाऱ्यातही गेले. कुणी विटाळ मानला नाही. अडवणूक झाली ती माणसाची. आणि ज्याने तो कापूस पेरला, निंदला, वेचला, त्याला तर विलायत कुठल्या दिशेला आहे हेही कुणी सांगितले नाही. लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावला येई; त्या भावावर त्याच्या घरची दिवाळी ठरे. लंडनला जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाने हे ध्यानात ठेवावे. त्या शहराच्या श्रीमंतीतला एक धागा आपल्या वावरातून गेलेला आहे.

वऱ्हाडातून नावाजलेला माणूस गेला तो अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्यासाठी प्रिव्ही कौन्सिलात दाद मागायला दादासाहेब आपली भरभराटीची वकिली टाकून लंडनला गेले. दोन वर्षे खटपट केली. यश आले नाही.

खुद्द लोकमान्यांची तयारी तर फारच बोधप्रद आहे. १९१८ च्या मार्चअखेर टिळक, केळकर, करंदीकर, खापर्डे आणि बिपिनचंद्र पाल असे होमरूलचे शिष्टमंडळ विलायतेला निघाले. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथे कळले, की सरकारने पासपोर्ट रद्द केले! सामान बांधलेले, बोट समोर, आणि परत फिरायचे. शेवटी चिरोलवरच्या खटल्यासाठी म्हणून परवानगी मिळाली, तीही राजकीय भाषणे करणार नाही या अटीवर. ती अट पुढे उठली. २४ सप्टेंबर १९१८ ला मुंबई सोडलेले टिळक ३० ऑक्टोबरला लंडनला पोचले. खटला हरले, खर्चाचा डोंगर झाला. तरी बासष्ट वर्षांचा तो माणूस खचला नाही. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटून, सभा घेऊन हिंदुस्थानची बाजू मांडत वर्षभर राहिला. ते राहत होते ते घर म्हणजे मेडा व्हेल भागातले १०, हौली प्लेस. त्यावर आज त्यांच्या नावाची निळी पाटी आहे.

दुसरेही एक घर दहा नंबरचेच : १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. त्यांची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेस, १९१७ साली, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले होते; त्यात सामानाची बोट पाणबुडीने बुडवली आणि जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांचा हात मिळाला, आणि १९२० साली ते पुन्हा निघाले. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले, १९२३ साली डी.एस्सी. मिळवली, बॅरिस्टर झाले. ज्याला आपल्या देशात शाळेतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता, त्याने लंडनहून आणलेली शिदोरी साऱ्या देशाच्या कामी आली. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. आता ते स्मारक आहे.

त्यानंतर वाट मोकळी होत गेली. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ निघाले. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला उडाले. एका बाजूचे भाडे १७२० रुपये. १९६० साली पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आली आणि ज्यांनी मुंबईही पाहिली नव्हती त्यांनी घरबसल्या लंडन पाहिले. अडचणी सरल्या मात्र नाहीत. त्यांनी रूप पालटले. पुढे कित्येक वर्षे परकी चलनाची एवढी चणचण होती, की प्रवाशाच्या खिशात तीन पौंड द्यायचे, की आठ डॉलर, हे सरकार ठरवी. १९८६ पासून फिरायला जाणाऱ्यालाही आधी व्हिसा काढावा लागतो. आज बँकेचे कागद जुळवताना जो त्रागा होतो, तो रंगो बापूजींच्या हालांपुढे ठेवून पाहावा. पुष्कळ हलका होतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या यादीत एवढीच भर घाला. लंडनला तीन ‘दहा नंबर’ आहेत. पैकी डाउनिंग स्ट्रीटवरचे दहा नंबर फाटकाबाहेरून पाहावे लागते. उरलेली दोन आपली आहेत. राजवाडा, टॉवर, म्युझियम यांना चार दिवस दिलेत, तर या दोन घरांना एक सकाळ द्या. बरोबर मुलांना न्या आणि तिथे उभे राहून सांगा, की आपल्याला आज इथे नुसते हिंडायला येता येते, याची तयारी फार पूर्वी दुसऱ्यांनी करून ठेवली आहे. आणि त्याही आधी आपल्या रानातला कापूस या देशी येऊन गेला होता, हेही सांगा. तो पिकवणाऱ्याच्या घरचे पोर जेव्हा कुणाच्या मेहेरबानीवाचून त्या शहरात सुट्टी घालवून येईल, तेव्हाच हे खाते चुकते झाले असे म्हणता येईल.