श्वानपालन, उत्तर कोकणातील

माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी म्हणजे कुत्रा. लांडग्यापासून उत्पन्न झालेल्या या प्राण्याचे शास्त्रीय नाव कॅनिस ल्युपस फॅमिलिॲरिस असे आहे. जर्मनीतील ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे सु. १४,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले असून शेतीचा उगम होण्यापूर्वीच हे साहचर्य दृढ झाले होते, असे त्यावरून दिसते. शिकार, राखण, गुरामेंढरांचे रक्षण, धार्मिक विधी, गुन्ह्यांचा तपास व निव्वळ सोबत अशी कामे कुत्र्याकडे निरनिराळ्या काळी आली. प्रस्तुत नोंदीत वसई तालुक्यातील (जि. पालघर) वालीव व त्याचा परिसर, तसेच त्याच्याशी निगडित असलेली मुंबई व उर्वरित महाराष्ट्र यांच्या संदर्भात या इतिहासाचा आणि श्वानपालनाच्या पद्धतीचा परामर्श घेतला आहे.

प्राचीन काळ : प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथे १९७४ साली चार जड ब्राँझ शिल्पे मिळाली. त्यांपैकी बैलजोडी जुंपलेल्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा दाखविला आहे. या शिल्पांच्या काळाविषयी मतभेद असले, तरी ती सामान्यतः उत्तर हडप्पा काळातील मानतात. मालकाच्या वाहनाबरोबर जाणाऱ्या कुत्र्याचे महाराष्ट्रातील हे एक अतिप्राचीन चित्रण होय. वैदिक वाङ्मयात इंद्राच्या गायींचा शोध घेणारी सरमा ही देवशुनी आणि यमाच्या मार्गावर राखण करणारे तिचे दोन पुत्र यांचे उल्लेख येतात. माग काढणे व पहारा करणे ही कुत्र्याची दोन मुख्य कामे त्या काळीही ओळखली गेली होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

वालीवच्या जवळचे सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रसिद्ध बंदर. येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. त्याऐवजी आपण धर्मयात्रा सुरू केली, असा या लेखाचा आशय आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. राजाज्ञेने पशूंच्या उपचाराची जबाबदारी स्वीकारल्याचे हे भारतातील जुने उदाहरण होय.

मध्ययुग व लोकपरंपरा : शिकारी कुत्र्याला राजदरबारी मान असे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या कारकीर्दीतील आतकूर (कर्नाटक) येथील शिलालेखात (९४९–५०) काळी नावाच्या कुत्र्याची हकीकत कोरली आहे. रानडुकराशी झालेल्या झुंजीत दोघेही मेले आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ शिला उभारण्यात आली. महाराष्ट्रात मल्हारी-खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला स्थान असून देवाला वाहिलेल्या वाघ्यांच्या आचारात कुत्र्याचे अनुकरण करण्याची प्रथा आहे. दत्तात्रेयाच्या पायांशी असणाऱ्या चार कुत्र्यांना चार वेदांची प्रतीके मानतात. रायगडावर १९३६ साली उभारलेले ‘वाघ्या’ कुत्र्याचे स्मारक सर्वपरिचित आहे. तथापि शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा आधार मिळत नाही. देवळात असे स्थान मिळूनही गावकुसाजवळ फिरणारे कुत्रे मात्र कोणाच्या मालकीचे नसे. उरलेसुरले अन्न खाऊन ते अनोळखी माणसावर भुंके व एवढ्यावर त्याचा गावाशी संबंध चाले.

दख्खनच्या पठारावरील धनगर पावसाळ्यानंतर मेंढरांचे वाडे घेऊन कोकणात उतरतात. रात्री मेंढरे बसविलेल्या शेतात लांडग्यापासून व चोरापासून राखण करणे हे त्यांच्या कुत्र्यांचे काम असते. मराठवाड्यात, विशेषतः लातूर भागात, कारवानी ही सडपातळ, खोल छातीची व वेगवान जात जोपासली गेली. तिच्या लांब केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात. तिच्याशी निकटचे नाते असलेली मुधोळ जात तेथील घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयामुळे प्रसिद्धीस आली. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आल्यावर या जातींचा उपयोग मुख्यतः राखणीपुरता राहिला.

मुंबईतील १८३२ चा दंगा : दाट वस्तीच्या शहरात बिनमालकाच्या कुत्र्यांचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उपस्थित झाला तो मुंबईत. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीमुळे उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने केला होता व मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या आशेने पाळीव कुत्र्यांवरही घाला येऊ लागला. पारशी धर्मात मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी आवश्यक असल्याने कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ६ जून १८३२ या पारशांच्या सणाच्या दिवशी कुत्री मारली जात असताना जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू, जैन व मुसलमान यांपैकी काहींनीही साथ दिली आणि कुलाब्याच्या फौजेला होणारा अन्नपुरवठा अडविण्यात आला. अखेरीस सैन्य बोलावून सरकारने दंगा मोडला व पुढाऱ्यांना अटक केली.

या घटनेचा पुढील परिणाम महत्त्वाचा आहे. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला व मोकाट जनावरांना आसरा मिळाला. १८७४ साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत निघाली. पुढील दशकात परळ येथे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने एका दंग्यातून प्रकट झालेली लोकभावना धर्मादाय संस्थेत व नंतर शास्त्रीय शिक्षणात परिणत होत गेली.

अलर्क रोग व कायदा : दंग्याच्या मुळाशी असलेली भीती मात्र निराधार नव्हती. अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी सहसा वाचत नाही. १८८५ मध्ये लूई पाश्चर यांनी माणसावर प्रतिबंधक लसीचा प्रयोग यशस्वी केला. १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली व तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस भारतात अनेक दशके वापरात होती. पोटावर घ्यावयाच्या इंजेक्शनांची आठवण तिच्याशीच निगडित आहे. पेशीसंवर्धनापासून केलेल्या आधुनिक लसींमुळे ती मागे पडली. या रोगाने जगात दरवर्षी सु. ५९,००० माणसे मरतात, असा जागतिक अंदाज असून बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. कुत्र्यांच्या संख्येपैकी ७० टक्क्यांना नियमित लस दिल्यास संसर्गाची साखळी तुटते. नुसती कुत्री मारल्याने रिकाम्या जागी नवी, लस न दिलेली कुत्री येतात. यामुळेच २००१ च्या नियमांनी व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण, लसीकरण व मूळ जागी सोडणे ही पद्धती स्वीकारली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमधील आदेशात पिसाळलेली व आक्रमक कुत्री परत सोडण्यातून वगळली, तर नोव्हेंबरमधील आदेशात शाळा, रुग्णालये, स्थानके यांसारख्या आवारांतून कुत्री हलविण्यास सांगितले.

पोलीस सेवा : १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांच्या काळात झंजीर या लॅब्रॅडॉर कुत्र्याने मोठ्या प्रमाणावर स्फोटके, हातबाँब व काडतुसे शोधून दिली. त्याचे प्रशिक्षण पुण्यात झाले होते. २००० मध्ये मरण पावल्यावर त्यास इतमामाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर या कुत्र्यांनी काम केले. निवृत्तीनंतर त्यांना वालीवच्या उत्तरेस असलेल्या विरारमधील एका शेतघरात आसरा मिळाला व २०१६ मध्ये एकामागून एक ती मरण पावली. काम संपलेल्या जनावराला कोणी सांभाळावे, या प्रश्नाचे एक उत्तर या परिसराने असे दिले.

निवड व निगा : कुत्रा निवडताना त्याच्याकडून अपेक्षित काम, घरातील जागा व देण्याजोगा वेळ यांचा विचार प्रथम करावा लागतो. कोकणच्या उष्ण व दमट हवेत दाट केसांच्या थंड प्रदेशातील जातींना त्रास होतो. देशी कुत्री या हवेशी जुळलेली असून त्यांच्यात काटकपणा असतो. पिलू आईपासून साधारण आठ आठवड्यांपूर्वी वेगळे करू नये. स्वच्छ डोळे, ओलसर नाक, चकचकीत केस व चपळपणा ही निरोगी पिलाची लक्षणे होत. घाबरून कोपऱ्यात बसणारे अथवा विनाकारण चावणारे पिलू घरासाठी योग्य नसते.

सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लसींचा क्रम सुरू करतात. तीन महिन्यांच्या सुमारास अलर्क रोगाची लस देऊन ती पशुवैद्याच्या सल्ल्याने पुनःपुन्हा द्यावी लागते. जंतांचे औषध नियमित द्यावे. पावसाळ्यात गोचिडांमुळे ताप येतो, तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा जंतूंचा संसर्ग होतो. म्हणून अंग तपासणे व कोरडी जागा देणे आवश्यक ठरते. चॉकलेट, कांदा व द्राक्षे कुत्र्याला विषारी असतात. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे. हळद, चुना वा मिरची लावणे घातक आहे.

सद्यःस्थिती : मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे वालीव आज औद्योगिक गाळ्यांसाठी ओळखले जाते. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते. गावाचे शहर होताना जुन्या गावकुसातील कुत्र्याची जागा गाळ्यांच्या फाटकावरील व कचराकुंडीजवळील कुत्र्याने घेतली. रात्री ते राखण करते, दिवसा कोणाच्याही मालकीचे नसते. भाकरी घालणारे अनेक असले, तरी लस टोचून घेण्याची जबाबदारी घेणारे थोडे असतात. १८३२ मध्ये मुंबईत उपस्थित झालेला प्रश्न या अर्थाने अद्याप सुटलेला नाही. दया व सार्वजनिक आरोग्य यांचा मेळ नियमित लसीकरण, निर्बीजीकरण व पाळणाऱ्याची जबाबदारी यांतूनच साधतो, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.