शिखरावरचें पाणी

चैत्र शुद्ध द्वादशीस सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाट चढून शिखर शिंगणापुरीं शंभुमहादेवास जाते. कऱ्हेच्या पाण्यानें भरलेले रांजण खांद्यावर घेऊन, बारामती-इंदापूरचा मुलूख तुडवीत तिनें कित्येक मुक्काम केलेले असतात. घाटांत वाट अशी नाहींच. माणसांची साखळी करून कावड वर चढवितात. एक धोंडा सुटला तर खालच्यांच्या जिवावर बेतावें!

वर पाण्याची सोय नाहीं असें नव्हे. इ. स. १६०० च्या सुमारास मालोजीराजे भोसल्यांनीं यात्रेकरूंची तहान पाहून डोंगरावर मोठें तळें बांधविलें. पुढें हेच मालोजी इंदापूरच्या लढाईंत पडले. त्यांच्या तळ्यानें माणसांचे हाल चुकविले, याहून मोठें पुण्यकर्म आम्हांस दिसत नाहीं. अभिषेकाला मात्र कावड अजून कऱ्हेचेंच पाणी वाहून नेते.